उत्तर देणारं दुकान

नाशिकच्या भांडी बाजारातला व्यापारी असो, इंदिरानगरात घरून ब्लाउज शिवून देणाऱ्या ताई असोत किंवा पंचवटीतला चिवडा-फरसाणवाला असो, सोशल मीडियाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘त्यातलं आम्हाला काही कळत नाही हो.’ मग एखादा भाचा किंवा शेजारचा कॉलेजातला मुलगा दुकानाच्या नावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडून देतो. दसऱ्या-पाडव्याला शुभेच्छांची चित्रं टाकली जातात, चार-सहा महिन्यांत तीही थांबतात, आणि ‘हे आपलं काम नव्हे’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीच्या परीक्षेवर दिलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. व्हिडिओ किती सफाईने जोडला, फिल्टर कोणता लावला, अल्गोरिदम कसा चालतो, यांवर छोट्या धंद्याचं यश फार थोडं अवलंबून असतं. गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नाला खरं, पुरेसं आणि वेळेवर उत्तर मिळतं की नाही, यावर ते बरंचसं ठरतं. आणि गिऱ्हाइकाला उत्तर कसं द्यायचं, हे गल्ल्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही.

तांब्याचा हंडा घ्यायला दुकानात आलेलं माणूस काय विचारतं, ते आठवा. वजन किती? पाणी किती लिटर मावेल? पत्रा जाड आहे ना? हे ठोक्यांचं मठारकाम हाताचं की मशीनचं? पितळेचं पातेलं असेल तर कल्हई करून मिळेल का, आणि पुन्हा कधी करावी लागेल? भाव किलोवर की नगावर? मजुरी धरून की वेगळी? हे सात-आठ प्रश्न दुकानदाराला झोपेतही पाठ असतात. आता त्याच दुकानाचं फेसबुकचं पान उघडून पाहा. तिथे झेंडूच्या तोरणाखाली दुकानाचं नाव असतं, सणाच्या शुभेच्छा असतात आणि ‘एकदा अवश्य भेट द्या’ असतं. वरच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नसतं. हंडा वजनकाट्यावर ठेवून काढलेला एक साधा फोटो, बाजूला उंची कळावी म्हणून धरलेली मोजपट्टी, आणि खाली ‘वजन अमुक, पाणी अमुक लिटर, मठारकाम हाताचं, कल्हई करून मिळेल’ एवढ्या दोन ओळी, याला कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही. फोटो ट्यूबलाइटखाली न काढता दुकानाच्या दाराशी, दिवसाउजेडी काढावा, म्हणजे तांबं तांब्यासारखं दिसतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलावं, अक्षरं आपोआप उमटतात. दोन शब्द चुकले तर दुरुस्त करावेत. एवढ्याने एका माणसाचं समाधान झालं, तर तोच प्रश्न मनात असलेल्या आणखी पन्नास जणांचंही होतं. दुकानात तेच उत्तर पन्नास वेळा द्यावं लागलं असतं.

याहून नेमकं उदाहरण नाशिक जिल्ह्यातच, येवल्यात आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पैठणीच्या नावाने यंत्रमागावरच्या साड्या बाजारात सर्रास विकल्या जातात, आणि फोटोत दोन्ही सारख्याच झळकतात. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या बाईंच्या मनात पहिली शंका हीच असते की, ही खरी की नकली? ‘शंभर टक्के अस्सल’ असं दहा वेळा लिहून ही शंका जात नाही. विणकराने पदर कॅमेऱ्यासमोर धरून नुसता उलटा केला की मात्र जाते. पारंपरिक पद्धतीने हातमागावर विणलेल्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा असावली मागूनही जवळजवळ पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते, कारण नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने, तिथल्या तिथे गुंफलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला आडवे सुटे धागे पसरलेले दिसतात. वीस सेकंदांचं हे चित्रण माग चालू असतानाच घेता येतं. त्यात संगीत नको, निवेदन नको, नटलेली मॉडेलही नको. येवल्याच्या किंवा शेजारच्या नागड्याच्या विणकराला हे दाखवायला शिकवावं लागत नाही. घरी आलेल्या गिऱ्हाइकाला तो हेच तर करून दाखवत आला आहे. फक्त ते मोबाइलसमोर करायचं, आणि सोबत शुद्ध रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबल स्पष्ट दिसेल असं धरायचं.

तंत्र येत नसलं तरी चालतं, हे पटवायला शेजारच्या जिल्ह्यातलं एक उदाहरण सर्वांच्या माहितीचं आहे. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी सत्तरीच्या घरात ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलवर स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये त्या घरोघरी पोचल्या. त्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नव्हता. चित्रण, जोडणी, अपलोड हे सगळं नातू करत होता. लोक पाहायला येत होते ते मात्र नातवाच्या जोडणीसाठी नव्हे, तर आजींच्या हातासाठी आणि त्या ज्या ठामपणे ‘आता हे असं परतून घ्यायचं’ म्हणत त्या बोलण्यासाठी. तांत्रिक काम घरातल्या कुणाकडे तरी सोपवता येतं. जाणकारी सोपवता येत नाही, ती मूळ माणसाकडेच असावी लागते. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांत नेमकं उलटं होतं : भाच्याला केवळ मोबाइल नीट चालवता येतो म्हणून काय दाखवायचं आणि काय बोलायचं हेही तोच ठरवतो. त्याला मालातलं काही ठाऊक नसतं, म्हणून तो शुभेच्छांची चित्रं टाकतो.

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर प्रत्येकाला वेगळं आहे, आणि बहुतेक सल्लागार इथेच सगळ्यांना एकाच दावणीला बांधतात. आधी एवढंच ठरवा की तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं की माल गिऱ्हाइकाकडे जातो. मिसळ, शिवणकाम, केशकर्तनालय, सायकलदुरुस्ती, शिकवणी, दातांचा दवाखाना यांत माणसाला पावलं उचलून यावं लागतं. मखमलाबाद रस्त्यावरच्या मिसळीची रील नागपुरात दोन लाख लोकांनी पाहिली, तरी त्यातले किती जण रविवारी सकाळी रांगेत उभे राहणार? अशा धंद्याने इन्स्टाग्रामच्या आधी गूगल मॅप्सवर आपली नोंद नीट करावी. ती पूर्णपणे फुकट आहे. तुमच्या जीमेल खात्यातून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ उघडायची, दुकानाचं नाव, पत्ता, फोन आणि वेळ भरायची. गूगल पडताळणी मागतं. आता त्यासाठी पुष्कळदा दुकानाचा छोटा व्हिडिओ सलग चित्रित करायला सांगतात : रस्ता आणि पाटी दिसली पाहिजे, आतला माल दिसला पाहिजे, आणि दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे कळेल असं काही, उदाहरणार्थ कुलूप उघडताना, दाखवलं पाहिजे. हे करून देण्यासाठी ‘गूगलमधून बोलतोय’ म्हणत पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा. नोंदीचे आणि पडताळणीचे गूगल पैसे घेत नाही.

एकदा नोंद झाली की तिची निगा हेच खरं काम. गोदावरीला पूर येऊन नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली दुकानं माल वर हलवतात, शटर खाली येतं. त्या दिवशी गूगलवर ‘उघडं आहे’ असं दिसत असेल, तर सिन्नरहून गाडी काढून आलेल्या माणसाला पुराचं कारण कळतं, पण आपल्याला आधी कुणी सांगितलं नाही याचा राग राहतोच. सुट्टीची तारीख, दिवाळीतली वाढीव वेळ, साप्ताहिक सुट्टी हे बदलायला दोन मिनिटं पुरतात. परीक्षणांचंही तसंच. चांगल्याला दोन शब्दांत आभार आणि वाईटाला शांत, मुद्द्याचं उत्तर. ‘त्या दिवशी रस्सा कमी पडला, हे खरं आहे. आता रविवारी दोन पातेली जास्त लावतो’ असं उत्तर वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या मनात दुकानाची पत वाढते. पैसे देऊन किंवा नातेवाइकांकडून पाच तारे लिहवून घेणं टाळा. एकाच आठवड्यात, एकाच साच्यातली वीस कौतुकं आली की वाचणारा लगेच ओळखतो, आणि पुढची खरी कौतुकंही त्याला खोटी वाटू लागतात.

ज्यांचा माल पार्सलने जाऊ शकतो, त्यांचं गणित वेगळं. पैठणी, तांब्या-पितळेची भांडी, मनुका, चिवडा, पापड-कुरडया यांना गावाची हद्द नाही. इथे इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक यांचा उपयोग आहे, पण तो फक्त ओळख होण्यापुरता. व्यवहार होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणून आधी तिथली घडी बसवावी. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप जानेवारी २०१८ पासून आहे आणि छोट्या दुकानदाराला ते फुकट मिळतं. त्यात मालाचं कॅटलॉग लावता येतं, दुकानाची वेळ टाकता येते, नेहमीची उत्तरं साठवून एका खुणेसरशी पाठवता येतात, आणि गिऱ्हाइकांना ‘ऑर्डर आली’, ‘पैसे यायचे’, ‘पार्सल गेलं’ अशी लेबलं लावता येतात. वहीत खातं मांडणाऱ्याला यात नवीन काही नाही. आणखी एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवलेला आहे. एका यादीत २५६ जणांपर्यंत माणसं घेता येतात, पण त्यातल्या दोनशे जणांनी नंबर साठवलाच नसेल तर तुम्ही हवेत बोलत असता. म्हणून नंबर पिशवीवर, बिलावर, खोक्यावर छापा आणि पैसे घेताना तोंडाने सांगा : ‘नंबर सेव्ह करून ठेवा, अधिक महिन्यात निरांजनं-ताम्हणं आली की कळवतो.’ या धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यायच्या वस्तूंसाठी कोण येतं, लग्नसराईत रुखवताची भांडी कोण नेतं, हे दुकानदाराला चांगलं ठाऊक असतं. ज्याला जे हवं, त्याला तेवढंच कळवायचं. रोज सकाळी सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानाला लोक म्यूट करतात, आणि मग महत्त्वाचा निरोपही न वाचता जातो. पुष्कळांनी ब्लॉक केलं तर व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करू शकतं.

या दोहोंत न बसणारा तिसरा वर्ग अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतला. टर्निंगचं काम करणारं छोटं वर्कशॉप, फॅब्रिकेशन, पॅकिंगची खोकी. यांची गिऱ्हाइकं मोजकी, बहुतेक कंपन्यांच्या खरेदी विभागातली माणसं. त्यांनी इन्स्टाग्रामवर वेळ घालवू नये, असं मी स्पष्ट सांगेन. गूगलवरची नोंद, इंडियामार्टसारखी व्यापारी यादी, आणि कोणत्या मापाचं, कोणत्या धातूचं, किती नगांचं काम किती दिवसांत होतं याची एक नीट पीडीएफ, एवढं पुरे.

तिन्ही वर्गांना सारखाच लागू असलेला एक मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा लागेल. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या जागा आपल्या मालकीच्या नाहीत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, आणि गावोगावच्या हजारो लोकांनी तिथे कष्टाने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की, यापुढे लोकांना मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्ट अधिक दाखवल्या जातील आणि व्यवसायांच्या पानांवरचा मजकूर कमी. त्याआधी ‘लाइक’ जमवण्यावर खर्च करणाऱ्यांना पुढे त्याच लोकांपर्यंत पोचायला पुन्हा पैसे मोजावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री तर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही जवळपास सहा तास बंद पडली. या तीन घटनांत कुणा दुकानदाराची चूक नव्हती, पण नुकसान त्यालाच सोसावं लागलं. म्हणून अनुयायी किती यापेक्षा, गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि त्याने काय नेलं हे तुमच्या स्वतःच्या वहीत किंवा संगणकात लिहिलेलं आहे का, हे मोलाचं. ती यादी तुमची. उद्या एखादं अ‍ॅप गेलं, तर यादीतल्या गिऱ्हाइकांना फोन करता येतो, साधा एसएमएस पाठवता येतो. मात्र ही यादी विश्वासाने मिळालेली असते. ती दुसऱ्या दुकानाला किंवा एजंटाला देणं म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास विकणं.

यावर येणारे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. सगळ्यात जोराने येतो तो किमतीचा. ‘भाव उघड लिहिला तर समोरचा दहा रुपयांनी कमी लावतो, म्हणून आम्ही इनबॉक्समध्ये या असं लिहितो.’ समोरच्या दुकानदाराला तुमचा भाव आजही ठाऊक असतोच. एखादं ओळखीचं माणूस पाठवून तो केव्हाच काढून घेतो. अंधारात राहतं ते फक्त गिऱ्हाईक. ‘किंमत?’ असं विचारून उत्तराची वाट पाहण्याऐवजी ते पुढच्या पानावर जातं, आणि आपण कोणाला गमावलं हे तुम्हाला कधी कळतही नाही. तांब्याचा भाव रोज हलतो ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय असा की वजन आणि मजुरी लिहावी आणि ‘धातूचा भाव त्या दिवसाचा’ असं स्पष्ट म्हणावं. पैठणीत किंमत पदरावर, जरीवर आणि विणायला लागलेल्या महिन्यांवर ठरते. तिथे निदान ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ सांगता येतं आणि किंमत का वाढते तेही. खरं तर ‘हा पदर विणायला इतके महिने लागले’ हे सांगणंच घासाघीस थोपवतं. किंमत लपवणाऱ्याकडे लोक घासाघीस करायच्याच तयारीने येतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी नऊला दुकान उघडून रात्री नऊला बंद करणारा माणूस रील कधी बनवणार? त्याने बनवू नये. त्याने रोज दोन ठरलेल्या वेळा उत्तरांसाठी ठेवाव्यात, दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर आणि रात्री गल्ला मोजून झाल्यावर, आणि त्या वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर कराव्यात. ‘दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊनंतर उत्तर देतो’ असं आपोआप जाणारं वाक्य लावून ठेवलं की माणूस थांबतो, कारण आपलं काम कधी होणार हे त्याला कळलेलं असतं. आठवड्यातून एकदा, दुकानात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न घेऊन त्याचं उत्तर देणारा एक फोटो किंवा छोटा व्हिडिओ टाकावा. वर्षाला हे पन्नासेक होतात, आणि ती पन्नास उत्तरं पुढची काही वर्षं उपयोगी पडतात. द्राक्षाचा हंगाम, रंगपंचमी, लग्नसराई, असेल त्या वर्षी अधिक मास, गणपती, दिवाळी या क्रमाने कोणत्या महिन्यात काय विचारलं जातं हे धंदा करणाऱ्याला पाठच असतं. वेगळं नियोजन करायची फारशी गरज पडत नाही.

‘तरुण पिढी रीलशिवाय बघतच नाही,’ असंही म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, आणि ज्याला रील बनवायला आवडतं त्याने जरूर बनवावी, विशेषतः काम हातांचं असेल तर. ठोके पडत असताना तांब्यावर उमटत जाणारं मठारकाम पाहायला लोक थांबतात, यात शंका नाही. फक्त दोन पथ्यं पाळावीत. व्यावसायिक खात्यावरून कुठलंही गाजलेलं सिनेगीत लावू नये, परवान्याचा प्रश्न येतो. ठोक्यांचा खरा आवाज त्याहून चांगला वाटतो. आणि एखाद्या फूड व्लॉगरला पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेत असाल, तर ती जाहिरात आहे असं त्यात सांगितलं गेलं पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याची स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. घरून लाडू-चिवडा विकणाऱ्यांनी एफएसएसएआयची नोंदणी करून तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर आणि कॅटलॉगमध्ये टाकावा. ‘घरगुती आहे, खात्रीचं आहे ना?’ या प्रश्नाचं ते अर्धं उत्तर आहे.

जाहिरातीवर पैसे घालावेत का? घालावेत, पण उशिरा. ज्या पोस्टवर आपसूक चौकशी आली, तिच्यावरच घालावेत. जी पोस्ट ओळखीच्या लोकांनाही विचारतं करत नाही, ती पैसे देऊन अनोळखी लोकांपुढे ठेवल्याने सुधारत नाही. फेसबुकच्या जाहिरातीत दुकानाभोवतीचं अंतर ठरवता येतं. गंगापूर रोडवरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी पाच-सात किलोमीटरच्या पलीकडे जाण्यात अर्थ नाही. जाहिरात संपण्याची तारीख न विसरता घालावी. महिन्यात पाच हजार अनुयायी मिळवून देतो म्हणणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवावं. ते आणून देतात ती बहुतेक खोटी खाती असतात. त्यांतलं एकही ब्लाउज शिवायला येत नाही.

फसवणुकीची भीती हा आक्षेप नव्हे, ती रास्त सावधगिरी आहे. ‘आपली आजी’ चॅनेलसुद्धा ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं होतं आणि काही दिवसांनी परत मिळालं. खातं नेहमी मालकाच्या स्वतःच्या नंबरावर आणि ईमेलवर असावं. भाचा किंवा एजन्सी काम करणार असेल तर पासवर्ड न देता त्यांना मदतनीसाचा अधिकार द्यावा, तशी सोय फेसबुकच्या पानात आणि गूगलच्या नोंदीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा अंकी पिन लावावा आणि ओटीपी कुणालाही सांगू नये. लष्करातून बोलतोय, मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवायला क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, ही फसवणूक देशभर झाली आहे. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं दुकानातल्या प्रत्येक पोऱ्याला पाठ असू द्या. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नये. स्वतःच्या बँकेत जमा दिसल्यावरच पार्सल बांधावं. तरीही फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी हे सगळं चालतंय की नाही, हे कळायला लाइक मोजू नका. गल्ल्याजवळ एक वही ठेवा. नव्या गिऱ्हाइकाला पैसे घेताना ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढंच विचारा आणि एका शब्दात लिहा : गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, शेजारी, रस्त्याने जाताना. तीन महिन्यांची ती पानं चाळलीत की कुठे वेळ घालायचा आणि कुठला थांबवायचा हे कुणा तज्ज्ञाला विचारावं लागणार नाही. ‘शेजारी’ हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला तर निराश होऊ नका. त्या शेजाऱ्याने तुमचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पुढे पाठवलेला असण्याची शक्यता मोठी आहे, तेही विचारून घ्या.

नाशिककरांना हे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही, कारण २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं आहेत. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला येणारी माणसं अनोळखी शहरात मोबाइलवर पाहतच फिरणार : जवळ जेवायला कुठे, तांब्याचा गडू कुठे, चपलेचा अंगठा कोण शिवून देईल. आज दुकान बंद करण्याआधी तुमच्या दुकानाचं नाव गूगलवर टाकून पाहा. खूण योग्य गल्लीत आहे का, फोन नंबर चालू आहे का, वेळ बरोबर आहे का, आणि शेवटच्या तीन परीक्षणांना कुणी उत्तर दिलं आहे का, ते तपासा. जे चुकलं असेल ते आजच दुरुस्त करा.